मेगर ओके म्हणजे मोटर ओके?

तिसरा_फेज | सोमवार, रात्री ९:४०

दिवाळीच्या शटडाउनमध्ये सगळ्या मोटरींची "कंडिशन" तपासून अहवाल द्या, असा वरून फतवा निघालाय. चाकणला फोर्जिंग आहे आमचं. कॉम्प्रेसरच्या तीन मोटरी ६.६ केव्हीच्या, बाकी ब्लोअर, पंप, हायड्रॉलिक पॉवरपॅक, क्रेन असा सगळा ४१५ व्होल्टचा गोतावळा. एजन्सीचं कोटेशन आलंय, त्यात दर मोटरीमागे एक मेगर रीडिंग आणि पुढे शेरा. गेल्या वर्षीचा अहवालही तसाच, पानंच्या पानं "ओके, ओके, ओके". त्याच यादीतली ११० किलोवॅटची ब्लोअर मोटर पावसाळ्यात जळाली. उघडली तर एका कॉइलमधले टर्न (तारेचे वेढे) एकमेकांना चिकटून काळे पडलेले. बॉडीला ग्राउंड तेव्हाही लागलेली नव्हती!

मेगर बघतो ते तांबं आणि बॉडी यांच्यामधलं इन्सुलेशन. एकाच कॉइलमधले शेजारचे दोन टर्न भिडले तर ते त्याला कळायला मार्गच नाही, त्याच्या लेखी ते सगळं एकच तांबं. रोटरचा बार तुटला, बेअरिंगला खड्डे पडले, कोअरच्या पत्र्या आपसात शॉर्ट झाल्या, तरी हा बाबा खुशाल ५०० मेगओम दाखवणार. मग सगळ्यांना मेगर लावून कसली कंडिशन कळणार?

साहेबांना हे पटवायचं तर हातात पर्याय हवा. सगळ्या मोटरींना सगळ्या चाचण्या परवडणार नाहीत हे उघड आहे. तुम्ही एचटीला (६.६ केव्हीवाल्यांना) काय लावता, एलटीला (४१५ व्होल्टवाल्यांना) काय, आणि कुठल्या मोटरीकडे सरळ काणाडोळा करता? रिवाइंडिंगवाले कोणी असाल तर तुम्हीही लिहा.

वार्निश_बारा_तास | सोमवार, रात्री १०:२५

भोसरीच्या लांडेवाडीत रिवाइंडिंगचं दुकान आहे, वडिलांपासून चालत आलेलं. मेगरला शिव्या घालण्याआधी तो मारला कसा होता ते विचारा. एजन्सीची पोरं बऱ्याचदा पॅनेलमधूनच मारतात. म्हणजे केबल, जॉइंट, मोटर सगळ्याचं मिळून एक रीडिंग. कमी आलं तर दोष कुणाचा ते कळत नाही. शिवाय बटण दाबलं, पाच सेकंदांत आकडा लिहिला, चालले पुढच्या पॅनेलकडे. आकडा एका मिनिटाचा घ्यायचा असतो. सुरुवातीचा चार्जिंग करंट उतरेपर्यंत रीडिंग चढतच असतं.

दुसरं तापमान. रीडिंगसमोर वाइंडिंगचं तापमान लिहिलेलं नसेल तर मी तो कागद वाचतच नाही. ढोबळ हिशेब असा की दर १० अंशांना इन्सुलेशन रेझिस्टन्स निम्मा होतो. नुकत्याच थांबवलेल्या, ६० अंशांवरच्या मोटरीला ८० मेगओम आले तर ४० अंशांच्या हिशेबाने ते ३२० झाले. तेच ८० डिसेंबरात सकाळी २० अंशांवर आले असतील तर ४० ला फक्त २०. दोन्ही कागदांवर ८० च लिहिलेलं असतं.

आणि भर पावसात, हीटर बंद असलेल्या मोटरीला सकाळी सात वाजता मेगर मारून "इन्सुलेशन खराब" म्हणत माझ्याकडे पाठवू नका. वाइंडिंगवर दव धरलेलं असतं. टर्मिनल बॉक्स उघडून दोन-चार हॅलोजन लावा, दुपारी परत बघा. निम्म्या वेळा माझ्याकडे यायची गरज पडणार नाही. (धंद्याचं नुकसान करून सांगतोय, लक्षात ठेवा.)

शून्य_क्रॉसिंग | सोमवार, रात्री १०:५१

वाचतोय. आमच्याकडेही तोच शिक्का, तोच शेरा.

मायका_टेप | मंगळवार, सकाळी ७:१५

एचटी मोटरी आणि जनरेटरचं टेस्टिंग हाच माझा रोजचा उद्योग. रांजणगाव, कुरकुंभ, जेजुरी, जिथे बोलावतील तिथे बॅग घेऊन जायचं.

वार्निश, तुमचा निम्म्याचा हिशेब जुन्या इन्सुलेशनला बरोबर आहे. इपॉक्सी-मायकाच्या नव्या वाइंडिंगला रेझिस्टन्स तितका झपकन उतरत नाही. आयईईई ४३ च्या २०१३ च्या आवृत्तीत त्यासाठी वेगळं सूत्र दिलंय. त्यामुळे एचटीला तो गुणाकार डोळे मिटून करू नये. शक्य असेल तर दर वर्षी साधारण त्याच तापमानाला रीडिंग घ्यावं, म्हणजे तापमानाच्या गुणाकाराचा वादच उरत नाही.

तिसरा फेज, तुमच्या एजन्सीला एक विचाराच: ६.६ केव्हीच्या मोटरीला "ओके" कुठल्या आकड्यावर देता? अजून बऱ्याच फॉर्म्यांवर "केव्ही अधिक एक" छापलेलं असतं, म्हणजे ७.६ मेगओम आले की पास. तो नियम साधारण १९७० च्या आधीच्या वाइंडिंगसाठी. त्यानंतरच्या फॉर्म-वाउंड (आधीच साच्यात घडवलेल्या) कॉइलना ४० अंशांना किमान १०० मेगओम हवेत आणि एक केव्हीच्या खालच्या मोटरींना ५. चांगलं कोरडं वाइंडिंग खरं तर हजारांत रीडिंग देतं. काल हजारांत असलेली मोटर आज ११० वर आली तर ती नियमाने पास आहे, पण मी तिला रात्रभर चालू ठेवून झोपणार नाही.

एचटीला मेगरसोबत पीआय (पोलरायझेशन इंडेक्स) घ्या. दहाव्या मिनिटाचं रीडिंग भागिले पहिल्या मिनिटाचं. बी, एफ, एच क्लासच्या (उष्णता सोसण्याच्या श्रेणीच्या) इन्सुलेशनला किमान २ अपेक्षित. ओल किंवा घाण असेल तर पृष्ठभागावरून वाहणारा करंट वेळेनुसार कमी होत नाही, म्हणून भागाकार १ च्या आसपास अडकतो. मात्र पहिल्याच मिनिटाला ५००० मेगओमच्या वर असाल तर पीआयच्या नादी लागू नका, तिथे मोजायचा करंटच इतका बारीक की भागाकाराला अर्थ राहत नाही. मेगर २५०० किंवा ५००० व्होल्टचा घ्या. दहा मिनिटं चार्ज केलेलं वाइंडिंग त्याच्या किमान चौपट वेळ जमिनीला जोडून (अर्थ करून) ठेवायचं, म्हणजे चाळीस मिनिटं. हा भाग लोक घाईत गाळतात आणि मग टर्मिनलला हात लावणारा उडतो.

एलटीच्या मोटरींना पीआयचा आग्रह धरू नका. त्यांच्यातला शोषणाचा करंट दोन-तीन मिनिटांतच संपतो, दहा मिनिटं उभं राहून काही हाती लागत नाही.

तिसरा_फेज | मंगळवार, सकाळी ८:०२

७.६ वर पास! आत्ताच जुना अहवाल काढला. खाली बारीक अक्षरात तेच छापलंय. तीनपैकी एका मोटरीला ९४० मेगओम आणि पीआय १.३. शेरा, अर्थातच, ओके.

मायका_टेप | मंगळवार, सकाळी ८:२०

ही मोटर तुमच्या यादीत सगळ्यात वर टाका. ९४० आणि १.३ म्हणजे बहुधा एंड वाइंडिंगवर (कॉइलच्या स्लॉटबाहेरच्या भागावर) तेल आणि कार्बनची पुटं. फोर्जिंग शॉपच्या हवेत नवल नाही. आधी साफसफाई, कोरडं करणं, मग परत पीआय. त्यानंतरही १.३ च राहिला तर टॅन डेल्टा.

टॅन डेल्टाबद्दल थोडं, कारण कोटेशनमध्ये हा शब्द बघून साहेब लोक दचकतात. वाइंडिंगचं इन्सुलेशन म्हणजे एक कपॅसिटर. आदर्श कपॅसिटरमध्ये करंट व्होल्टेजच्या बरोबर ९० अंश पुढे असतो, खऱ्या इन्सुलेशनमध्ये थोडा कमी. ती तूट म्हणजे डेल्टा. मोटरीत एकट्या आकड्यापेक्षा त्याची चढण जास्त बोलते. रेटेड व्होल्टेजच्या ०.२ पट, ०.४ पट असं चढवत जायचं. मायका टेपच्या थरांत पोकळ्या पडल्या असतील तर व्होल्टेज वाढलं की त्या पोकळ्यांत डिस्चार्ज सुरू होतो आणि टॅन डेल्टा वर उचलला जातो. याला टिप-अप म्हणतात. एंड वाइंडिंगवरच्या ग्रेडिंग पेंटमुळेही थोडी चढण दिसते, त्यामुळे एका वर्षाच्या आलेखावरून मोटरीला फाशी देऊ नये. तिन्ही फेजची तुलना आणि मागच्या वर्षीचा आलेख, दोन्ही हवं.

एक अडचण आधीच तपासा. तिन्ही फेज वेगवेगळे मोजायचे तर स्टार पॉइंट (तिन्ही फेजची टोकं एकत्र बांधलेली जागा) बाहेर आणलेला हवा. बऱ्याच मोटरींत तो आतच बांधलेला असतो आणि बाहेर तीनच लीड येतात. मग सगळ्या वाइंडिंगचा मिळून एकच आकडा मिळतो आणि एका फेजमधला बिघाड त्यात बुडून जातो.

फोरमनकाका_निवृत्त | मंगळवार, सकाळी ११:३०

पिंपरीत उभा जन्म मोटरींत गेला माझा. टॅन डेल्टा, पीआय आम्ही ऐकलंही नव्हतं. लांब स्क्रूड्रायव्हर बेअरिंगवर टेकवायचा, मूठ कानाला लावायची. बेअरिंग काय म्हणतंय ते ऐकू येतं. हाताचा तळवा बॉडीवर ठेवायचा. बास.

पण मला वेगळंच विचारायचं आहे. तुम्ही सगळे शटडाउन शटडाउन करताय. शटडाउनमध्ये मोटर बंद असते ना? बंद मोटर काय बोलणार? तिचं खरं दुखणं ती चालताना सांगते. ओरडणारी मोटर बंद करायची आणि कान द्यायचा. लाइट तोडल्या क्षणी घूं आवाज थांबला तर दोष वीजेचा. फिरता फिरता हळूहळू उतरत गेला तर मेकॅनिकल. याला कुठलं मीटर लागत नाही, दोन पैसे लागत नाहीत.

वार्निश_बारा_तास | मंगळवार, दुपारी १:१०

काका, दंडवत. लाखमोलाचं बोललात. तळव्याचं मात्र सोडा आता. एफ क्लासचं वाइंडिंग आत १५५ अंशांपर्यंत चालायला बनवलेलं असतं, बॉडी ७०-८० ला गेली तरी मोटर निवांत असू शकते. हात मात्र भाजतो आणि माणूस ओरडतो, मोटर जळाली!

तिसरा_फेज | मंगळवार, दुपारी १:४५

काकांनी माझ्या अख्ख्या नियोजनाला सुरुंग लावला आणि बरं झालं. व्हायब्रेशन, करंट, थर्मल कॅमेरा हे सगळं दिवाळीच्या आधी, लोडवर करायला हवं. शटडाउनला फक्त जे थांबवल्याशिवाय होत नाही तेवढंच. अहवालही दोन भागांत.

व्हायब्रेशनला कुठला आकडा धरता? आमच्याकडचा माणूस सगळ्यांना सरसकट ४.५ मिमी प्रति सेकंद लावतो.

मायका_टेप | मंगळवार, दुपारी २:३०

सरसकट नाही चालत. १५ ते ३०० किलोवॅट आणि कडक पाया असेल तर १.४, २.८, ४.५ या पायऱ्या. २.८ च्या आत दीर्घकाळ चालवायला हरकत नाही, ४.५ च्या वर गेली तर नुकसान होऊ शकतं. ३०० किलोवॅटच्या वर, कडक पायावर, त्याच पायऱ्या २.३, ४.५, ७.१ होतात. हे आयएसओ १०८१६-३ मधले आकडे, आता त्याची जागा २०८१६-३ ने घेतलीय. म्हणजे तुमच्या लहान मोटरींना तो माणूस धोक्याच्या रेषेवर आणून "ओके" देतोय.

आणि नुसता एकूण आकडा नको, स्पेक्ट्रम मागा. १०० हर्ट्झला मोठा उंचवटा दिसला तर काकांची युक्ती करा, सप्लाय तोडा. क्षणात नाहीसा झाला तर एअर गॅप, सैल कोअर, फेजमधला असमतोल हे बघायचं. पायाचा एक बोल्ट ढिला करून व्हायब्रेशन उतरतंय का तेही बघा. पाय नीट टेकत नसेल तर बोल्ट आवळून आपणच फ्रेम पिळून ठेवतो.

ब_विंग_सचिव | मंगळवार, रात्री ९:०५

मी चुकीच्या धाग्यावर आलो असेन तर माफ करा, पण इथे मोटरीची जाणकार मंडळी दिसली. कोथरूडला आमची सोसायटी, बोअरवेलला ५ एचपीची थ्री फेज सबमर्सिबल. दोन दिवस स्टार्टर ट्रिप होतोय. प्लंबर म्हणतो मोटर जळाली, वर काढून रिवाइंड करायला अठरा हजार. मल्टिमीटरने वायर आणि पाइप यांच्यात चेक करून दाखवलं, काहीतरी किलोओम आले. मॅनेजिंग कमिटीत दोन तट पडलेत. उद्या पाणीबंदीचा गुरुवार नसला तरी पाण्याची बोंब आहे.

वार्निश_बारा_तास | मंगळवार, रात्री ९:२०

सचिवसाहेब, थांबा, मोटर वर काढू नका. मल्टिमीटर दोन-चार व्होल्टवर मोजतो, त्याने इन्सुलेशन कळत नाही. ५०० व्होल्टचा मेगर घ्या. तपकीर गल्लीत साधा मिळतो, नाहीतर ओळखीच्या वायरमनचा मागा. स्टार्टरमधून मोटरीच्या तिन्ही वायर सोडवा, मग मारा. स्टार्टर जोडलेला राहिला तर तुम्ही स्टार्टर मोजाल.

विहिरीत उतरवलेल्या सबमर्सिबलला वरच्या मोटरींचा नियम लावायचा नाही. पाण्यात बुडालेली मोटर आणि ती लांबलचक केबल, सगळं धरून नवी असताना २ मेगओमच्या वर असते. वापरातली अर्धा ते दोन असेल तर चालतेय. ०.०२ ते ०.५ मध्ये आली तर कुठेतरी इन्सुलेशन दुखावलंय, पण चालत असेल तर लगेच वर काढायची घाई नाही. त्याहून खाली, म्हणजे २० किलोओमच्या आत, तर मात्र खेळ खलास. तुमच्या प्लंबरचे "काहीतरी किलोओम" नक्की किती ते आधी लिहून घ्या!

मग तिन्ही जोड्यांत ओहम बघा: लाल-पिवळी, पिवळी-निळी, निळी-लाल. तिन्ही सारखे आले तर वाइंडिंग बहुधा शाबूत. दोन जोड्या सरळ उघड्या दाखवत असतील तर जॉइंट किंवा केबल तुटली असण्याची शक्यता मोठी. बऱ्याच वेळा पाण्यातला केबलचा जॉइंटच गेलेला असतो आणि मोटर फुकट बदनाम होते.

सहा_पल्स | मंगळवार, रात्री १०:४०

मूळ प्रश्नाकडे येतो. तिसरा फेज, ती ११० किलोवॅटची ब्लोअर मोटर व्हीएफडीवर (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) होती का? मधली केबल किती लांब?

तिसरा_फेज | मंगळवार, रात्री १०:५८

हो, वीज वाचवायला दोन वर्षांपूर्वी लावला. मोटर तीच, जुनी. ड्राइव्ह पॅनेल रूममध्ये, मोटर शेडच्या टोकाला. ऐंशी-नव्वद मीटर असेल.

सहा_पल्स | मंगळवार, रात्री ११:३०

मग तुमच्या टर्न शॉर्टचं मूळ बहुधा इथेच आहे. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हचा डीसी बस साधारण ५८७ व्होल्ट. त्यातला आयजीबीटी स्विच मायक्रोसेकंदाच्याही अंशात उघडझाप करतो. ती लाट लांब केबलमधून मोटरीवर आदळते, परत फिरते, आणि टर्मिनलवर दुपटीच्या जवळ जाते. म्हणजे ११०० च्या पुढे, सेकंदाला हजारो वेळा. शिवाय इतक्या तीव्र लाटेचा बराचसा भार वाइंडिंगच्या पहिल्या काही टर्नवरच पडतो, सगळ्यांत वाटला जात नाही. साध्या इनॅमलची तार यासाठी बनवलेली नसते. मेगरला यातलं काही दिसणार नाही. डायरेक्ट सप्लायवर ही मोटर कदाचित अजून दहा वर्षं चालली असती.

टर्नमधलं इन्सुलेशन तपासायला सर्ज टेस्ट. वाइंडिंगला तीव्र पल्स द्यायचा आणि त्याची थरथर स्क्रीनवर बघायची. टर्न शॉर्ट असेल तर इंडक्टन्स घटतो, थरथरीची वारंवारता वाढते, आणि त्या फेजची लाट बाकी दोघांच्या डावीकडे सरकते. रोटर आत असताना लाटा रोटरच्या जागेनुसारही थोड्या सरकतात, त्याला शॉर्ट समजू नका. रोटर थोडा फिरवून परत मारायचं.

आणि बेअरिंग बघा. ड्राइव्हमुळे शाफ्टवर व्होल्टेज चढतं आणि ते बेअरिंगमधून बॉडीला उतरतं. दर ठिणगीला रेसवर एक बारीक खड्डा, कालांतराने धुण्याच्या पाटीसारखे आडवे वळ उमटतात. एनडीई (लोड नसलेल्या) बाजूला इन्सुलेटेड बेअरिंग, डीईला (लोडच्या बाजूला) शाफ्ट ग्राउंडिंग ब्रश. नुसतं बेअरिंग बदलत राहिलात तर बेअरिंगवाल्याचं भलं होईल.

मायका_टेप | बुधवार, सकाळी ६:५०

सहा पल्सना अनुमोदन, आणि एक विनंती. व्हीएफडीवरच्या मोटरीला मेगर किंवा सर्ज मारण्याआधी ड्राइव्हकडच्या वायर सोडवा. नाहीतर मोटर ओके येईल आणि ड्राइव्ह जाईल. वाइंडिंगमध्ये पीटीसी थर्मिस्टर (तापमान बघणारे) असतील तर त्यांच्यावरही मेगर नको.

तिसऱ्या_वर्षाला | बुधवार, दुपारी १२:१५

मी सीओईपीला इलेक्ट्रिकल शिकतोय. आम्हाला प्रॅक्टिकलला नो लोड आणि ब्लॉक्ड रोटर एवढंच असतं. रोटर बार तुटल्याचं मोटर न उघडता करंटवरून कळतं असं वाचलं. खरंच कळतं?

सहा_पल्स | बुधवार, दुपारी १:००

कळतं, आणि तुमचं स्लिप (रोटर समकालिक वेगाच्या किती मागे पडतो ते) इथे कामाला येतं. चार पोल, ५० हर्ट्झ, समकालिक वेग १५००. मोटर लोडवर १४८० ने फिरतेय. स्लिप १.३३ टक्के. बार तुटला की करंटमध्ये ५० च्या दोन्ही बाजूंना दुप्पट स्लिपच्या अंतरावर उंचवटे येतात, म्हणजे ४८.६७ आणि ५१.३३ हर्ट्झला. मुख्य उंचवट्याच्या साधारण ५४ डेसिबल खाली असतील तर रोटर ठीक समजतात. फरक ४५ च्या आत आला की रोटर बाहेर काढायची तयारी ठेवा.

अट एक, मोटर लोडवर हवी. रिकाम्या मोटरीला स्लिप इतका कमी असतो की ते उंचवटे ५० च्या पोटात लपतात. दुसरं म्हणजे पिस्टनवाला कॉम्प्रेसर, हॅमर, क्रशर अशा हेलकावे देणाऱ्या लोडमुळेही तसेच उंचवटे दिसतात. फोर्जिंगमध्ये तर लोड सतत नाचतो, तेव्हा कोणी एका आलेखावरून "बार तुटला" म्हटलं तर वेगळ्या लोडला परत घ्यायला लावा. क्लॅम्प पॅनेलमध्ये सीटीच्या (करंट ट्रान्सफॉर्मरच्या) सेकंडरीला लावायचा, मोटरीजवळ जायचंही कारण नाही.

फोरमनकाका_निवृत्त | बुधवार, दुपारी ३:४०

आम्ही रोटर बाहेर काढून ग्राउलर फिरवायचो, वर हॅकसॉचं पातं धरायचो. पातं थरथरतंय की नाही त्यावरून बार कळायचा. हे करंटवालं भारी आहे. सप्लाय कोणी मोजणार आहे की नाही? तिन्ही फेजचं व्होल्टेज?

वार्निश_बारा_तास | बुधवार, संध्याकाळी ५:०५

काकांनी परत मुद्द्यावर बोट ठेवलं. जळालेलं वाइंडिंग बघूनच अर्धं कळतं. तीन फेजपैकी एकाच्या कॉइली कोऱ्या आणि दोन काळ्या, किंवा एकाच्या काळ्या आणि दोन कोऱ्या, तर सिंगल फेजिंग, म्हणजे एक फेज गेलेली. स्टार आहे की डेल्टा त्यावर कुठलं ते ठरतं. असमतोल थोडा असला तरी महाग पडतो. व्होल्टेजमध्ये ३ टक्के असमतोल असेल तर वाइंडिंगचं तापमान साधारण १८ टक्के जास्त चढतं, करंटचा असमतोल तर व्होल्टेजच्या सहा-दहा पट. आणि दर १० अंश जास्त म्हणजे इन्सुलेशनचं आयुष्य अर्धं. सगळ्या पॅनेलवर टंग टेस्टर आणि व्होल्टमीटरने फिरायला एक वायरमन आणि एक दिवस पुरतो. तुमच्या यादीतली सगळ्यात स्वस्त चाचणी हीच.

वाइंडिंगचं ओहमिक रेझिस्टन्सही मायक्रोओहम मीटरने घ्या. फेजांमध्ये सरासरीपासून दोन टक्क्यांहून जास्त फरक असेल तर सैल लग किंवा खराब ब्रेझिंग शोधा.

ब_विंग_सचिव | बुधवार, रात्री ८:३०

मेगर मारला. तिन्ही वायर बॉडीला १.१ मेगओम. ओहम मात्र एकाच जोडीत लागतात, बाकी दोन्ही उघड्या. प्लंबर म्हणतो आता तरी जळाली ना?

वार्निश_बारा_तास | बुधवार, रात्री ८:४४

दोन जोड्या उघड्या म्हणजे त्या दोघींत जी वायर सामाईक आहे तीच तुटलीय. मोटर दोन फेजवर घूं करत असणार, म्हणून रिले ट्रिप होतोय, रिलेने इमानेइतबारे काम केलं. १.१ मेगओम म्हणजे इन्सुलेशन जिवंत आहे. वरच्या जंक्शन बॉक्सपासून सुरुवात करा. तिथे ठीक असेल तर पंप वर काढावा लागेल, पण जॉइंटसाठी, रिवाइंडिंगसाठी नाही. काढल्यावर मोटरीच्या स्वतःच्या लीडवर परत ओहम घ्या, मगच प्लंबरला पैसे.

तिसरा_फेज | गुरुवार, सकाळी ९:१५

एजन्सीला नवीन स्कोप पाठवला. दिवाळीआधी लोडवर सगळ्यांचं व्होल्टेज-करंट, ३० किलोवॅटच्या वर व्हायब्रेशन स्पेक्ट्रमसकट, डायरेक्ट सप्लायवरच्या मोठ्या मोटरींना करंट सिग्नेचर (रोटर बारवाली चाचणी). शटडाउनला तिन्ही एचटीला मेगर, पीआय, ओहम, आणि त्या ९४० वालीला साफसफाईनंतर टॅन डेल्टा. सर्ज फक्त ड्राइव्हवरच्या मोटरींना. साडेसात एचपीच्या खालच्यांना काहीच नाही, त्या जळाल्या की बदलायच्या. कोटेशन वाढलं पण दुप्पट नाही झालं, कारण लहान मोटरींचं मेगर काढून टाकलं.

जळालेला ११० चा स्टेटर अजून स्टोअरमध्ये आहे. स्पेअर म्हणून रिवाइंड करायचाय. वार्निश, काय काय मागून घेऊ?

वार्निश_बारा_तास | गुरुवार, सकाळी १०:०२

माझ्याकडे द्या किंवा कुणाकडेही, या गोष्टी पर्चेस ऑर्डरमध्ये लिहा. जुनं वाइंडिंग काढताना स्टेटरवर रॉकेल टाकून पेटवायचं नाही. ओव्हनमध्ये, ३७० अंशांच्या वर न जाता. उघड्या आगीत कोअरच्या पत्र्यांवरचा इन्सुलेशनचा थर जळतो, मग पत्र्या आपसात शॉर्ट होतात आणि नवं वाइंडिंग घातलेली मोटर नो लोडलाच तापते. म्हणून जाळायच्या आधी आणि नंतर कोअर टेस्ट. स्टेटरच्या योकभोवती केबलचे वेढे घालून रेटेड फ्लक्स उभा करायचा आणि थर्मल कॅमेऱ्याने आतून बघायचं. एखादी जागा बाकी कोअरपेक्षा दहा अंशांहून जास्त तापली तर तिथे आधी इलाज. तुमच्या केसमध्ये कॉइल स्लॉटमध्येच जळालीय, तेव्हा हे टाळूच नका.

तार इन्व्हर्टर ड्यूटीची, फेजमध्ये नीट कागद, वार्निश व्हॅक्यूमखाली. तयार झाल्यावर सर्ज, मग हायपॉट (जास्त व्होल्टेजची चाचणी). पूर्ण नव्या वाइंडिंगला रेटेड व्होल्टेजच्या दुप्पट अधिक हजार, म्हणजे १८३० व्होल्ट, एक मिनिट. हे एकदाच. दर शटडाउनला पूर्ण दाबाने हायपॉट करणारे पाहिलेत मी, त्यांनी ते सोडावं. नुसती ओव्हरहॉल केलेली असेल तर एक हजार पुरे.

आणि सहा पल्सना विचारून ड्राइव्हच्या आउटपुटला चोक किंवा डीव्ही-डीटी (लाटेची धार कमी करणारा) फिल्टर बसवा. नाहीतर ही मोटर मला पुन्हा भेटेल.

तिसरा_फेज | गुरुवार, सकाळी १०:२०

फिल्टरचं इंडेंट आजच टाकतो. स्टेटर टेम्पोत चढवतोय, दुपारपर्यंत पोचेल.

वार्निश_बारा_तास | गुरुवार, सकाळी १०:२३

अहो आज गुरुवार. भोसरीत सुट्टी, दुकानाला कुलूप. क्रेनवाला पोरगाही गावाला गेलाय. उद्या दहानंतर पाठवा, आणि नेमप्लेट काढून ठेवली असेल तर तीही सोबत द्या.